आवाज नेमका कुठे फुटला

तो मोठा आवाज झाला तेव्हा खुलासेकाका बस आगारातल्या चौकशीच्या खिडकीत बसले होते. ज्या गाडीची तुम्ही वाट बघताय ती आज येणार नाही, आणि पूर्वी येत होती तेव्हाही वेळेवर येत नव्हती, हे ते एका बाईंना सविस्तर समजावून सांगत होते. खिडकीबाहेर चार गाड्यांची इंजिनं एकदम घरघरत होती. त्यामुळे काकांना तो आवाज ऐकूच आला नाही. एवढी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी, कारण खुद्द काकांनी ती कोणाला सांगितली नाही, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

संध्याकाळी काका घरी आले तर अख्खी इमारत कंपाउंडमध्ये उतरलेली. कोणी म्हणत होतं गच्चीवरची टाकी फुटली, पण टाकी शाबूत होती आणि नेहमीसारखी गळत होती. कोणी म्हणत होतं ट्रान्सफॉर्मर उडाला, पण सगळ्यांच्या घरात पंखे चालू होते. मध्यभागी सोसायटीचे चेअरमन उभे होते. हे चेअरमन म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला भलंमोठं बँडेज होतं. आवाज झाला त्या क्षणी घाबरून पेशंटने तोंड मिटलं होतं, आणि डॉक्टरांचं बोट तेव्हा आत होतं.

"आले, काका आले," कोणीतरी म्हणालं आणि गर्दीने वाट करून दिली.

काकांना खुलासेकाका म्हणत ते काही उगाच नव्हे. जगात जे जे घडतं त्याचा खुलासा त्यांच्याकडे तयार असे, आणि नसेल तर जिना चढेपर्यंत तयार होई. आगारात मात्र या विद्वत्तेची कोणाला कदर नव्हती. खिडकीला भोक एवढंसं. लोकांना त्यातून काकांची फक्त हनुवटी दिसे, आणि लोक त्या हनुवटीशी वाद घालून निघून जात. इतकी वर्षं खुलासे करूनही या माणसाचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. हे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते होतं.

त्या दिवशी काकांचं नशीब जोरावर होतं. दुपारी डबा खाताना त्यांनी डब्याखालच्या वर्तमानपत्रात वाचलं होतं की या महिन्यात लढाऊ विमानांचा सराव चालणार आहे. त्यावरून त्यांनी बरोब्बर ताडलं.

"विमान," काका म्हणाले. "आवाजापेक्षा वेगाने जाणारं. आवाज पुढे, विमान मागे, असं आपलं नेहमीचं. पण विमानाने वेग वाढवत नेला की ते आपल्याच आवाजाला गाठतं. तिथे हवा दाटून दाटून जणू भिंत उभी राहते. विमान ती भिंत फोडून पलीकडे जातं, आणि फोडताना हा असा आवाज होतो. एकदाच. धडाम."

"म्हणजे ती भिंत इथे फुटली?" चेअरमननी बँडेजचं बोट आकाशाकडे केलं.

"जिथे आवाज, तिथे भिंत. अगदी आपल्या गच्चीवर."

"तुम्हाला केवढा ऐकू आला, काका?"

कोणत्याही सज्जन माणसाचा तोल जावा असाच हा क्षण होता. "काय विचारता," ते म्हणाले, "अजून कान वाजतायत."

मागे काकांची लेक उभी होती. ती अकरावीला, सायन्सला. "बाबा, पण ते एकदाच होत नाही, ते—"

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," काका म्हणाले, आणि ज्ञानाचं दार तिथेच बंद झालं.

एखाद्या इमारतीवर असं काही घडलं की तिची मान ताठ होते. चेअरमनची तर फारच झाली. पेशंट चावला हे सांगायला कसंतरी वाटतं, पण विमानाने आकाश फोडलं त्यात बोटाला इजा झाली हे कुठेही सांगता येतं. त्यांनीच कल्पना काढली की या जागी एक फलक हवा. 'याच ठिकाणी विमानाने आवाजाची भिंत फोडली.' आणि खाली, 'शोधक' असं लिहून, काकांचं नाव.

"माझं कशाला," काका म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "वडिलांच्या नावासकट लिहा, नाहीतर लोकांचा घोळ होतो."

फलक रंगवायचं काम काकूंच्या भावाकडे गेलं. हा मेहुणा पेंटर. अक्षर मोत्यासारखं, पण चित्राच्या बाबतीत त्याचा स्वतःवर जो विश्वास होता तो इतर कोणाचाच नव्हता. त्याने कच्चं चित्र काढून आणलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वांगं छान आलंय."

"विमान आहे ते, ताई."

"असेल बाबा. देठ तेवढं काढून टाक."

इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते समोरच्या इमारतीपाशी. तिथल्या सेक्रेटरीबाई दुसऱ्याच दिवशी रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्या काचेच्या कपाटातला चहाचा अख्खा सेट खाली येऊन चुरा झाला होता आणि त्यातली एक किटली, फक्त नाक शिल्लक असलेली, त्यांनी पुरावा म्हणून सोबत आणली होती.

"भिंत आमच्यावर फुटली," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे काय फुटलंय? एक बोट. तेही फुटलं नाही, चावलंय."

चेअरमन लाल झाले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की आवाज एक नव्हताच, दोन होते. लागोपाठ. धड-धड्. हे सगळ्यांनाच आठवलं. मग समेटाची बोलणी सुरू झाली: एक आवाज आमचा, एक तुमचा. हेही जमलं असतं, पण पहिला कोणाचा आणि दुसरा कोणाचा यावर बोलणी फिसकटली. दोन्हीकडून काकांना विचारण्यात आलं, कारण कान त्यांचे वाजत होते. ज्या माणसाने एकही आवाज ऐकला नव्हता त्याने डोळे मिटले, आठवल्यासारखं केलं आणि सांगितलं, "पहिला आपला."

सेक्रेटरीबाई किटलीचं नाक रोखून म्हणाल्या, "बघतेच मी," आणि त्यांनी पालिकेत हरकत घेतली.

त्यामुळे काकांना पालिकेच्या कचेरीत जावं लागलं, आणि तिथे त्यांच्या आयुष्यात प्रथमच असं घडलं की ते खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे राहिले. भोकातून एक हनुवटी दिसत होती.

"फलक कसला? जाहिरात की स्मारक?" हनुवटीने विचारलं.

"स्मारकच म्हणा."

"कोण वारलं?"

"कोणी नाही."

"मग स्मारक होत नाही. जाहिरात लिहा. माल काय?"

"माल नाही हो. आवाज आहे. होऊन गेलेला."

"म्हणजे माल संपलाय. संपलेल्या मालाची जाहिरात करता येत नाही, ती फसवणूक होते." हनुवटी थोडा वेळ विचारात पडली. "सूचना म्हणून बसेल. पण वर 'सावधान' लिहावं लागेल."

काकांनी 'सावधान' मान्य केलं. इतक्या वर्षांत आपण लोकांशी कसे बोलत आलो हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि ते काही बरं वाटलं नाही.

"आणखी एक," हनुवटी म्हणाली. "समोरच्यांची हरकत आहे. जागा नेमकी हीच, हे सिद्ध करून आणा." आणि खिडकी बंद झाली.

चेअरमननी यावर स्वतःपुरता तोडगा काढला. फलक रस्त्याकडे पाठ करून, आतल्या बाजूला तोंड करून लावला तर परवानगीच लागत नाही असं त्यांच्या एका पेशंटने, अर्थात तोंड उघडं असताना, त्यांना सांगितलं होतं. रविवारी संध्याकाळी अनावरण ठरलं. पण काकांच्या मनाला ते 'सिद्ध करून आणा' लागून राहिलं होतं. आपलं नाव लागणार ते पाठमोऱ्या फलकावर नको, सिद्ध झालेल्या फलकावर हवं. रविवारी सकाळी त्यांनी स्कूटर काढली.

हिशेब सरळ होता. विमान गेलं नदीच्या बाजूने डोंगराच्या बाजूला. भिंत आपल्या गच्चीवर फुटली असेल तर नदीकडच्या लोकांना लांबून कुठेतरी पुसटसं ऐकू आलं असणार, तसंच डोंगराकडच्यांना. त्यांची साक्ष घेतली की सेक्रेटरीबाईंची बोलती बंद. काकूंनी विचारलं कुठे निघालात, तर काका म्हणाले, "मोजणीला," आणि स्कूटर सुरू होईना म्हणून बराच वेळ तिथेच राहिले.

पहिली साक्ष नदीकडच्या एका न्हाव्याची. नुसतं विचारणं बरं दिसेना म्हणून काका दाढीला बसले.

"त्या दिवशी तो आवाज झाला, तो तुम्हाला लांबून आला असेल ना?"

"लांबून?" न्हावी थांबला. "अहो, या छपरावर फुटला. या खुर्चीत गिऱ्हाईक होतं, त्याची अर्धी मिशी गेली. तो अजून मफलर लावून फिरतोय."

"शक्य नाही. तो आमच्या गच्चीवर फुटला. शास्त्राने एकाच जागी फुटतो."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

काकांनी शास्त्र समजावून सांगायला घेतलं. गळ्यावर वस्तरा असताना कोणाशी मतभेद करू नयेत हे शास्त्रात नसतं, त्यामुळे ते काकांना ठाऊक नव्हतं. एक गाल झाला होता. दुसऱ्या गालावर फेस तसाच ठेवून न्हाव्याने त्यांच्या गळ्यातला टॉवेल काढून घेतला आणि "उरलेली तुमच्या गच्चीवर करा," असं शांतपणे सांगितलं.

फेस रुमालाने पुसून काका पुढे निघाले. फोटो स्टुडिओवाल्याने पुरावाच समोर ठेवला. एका गृहस्थांचा पासपोर्टचा फोटो, त्यात ते खुर्चीवरून वीतभर वर, तोंड उघडं, डोळे कपाळात. "नेमका तो क्षण," स्टुडिओवाला अभिमानाने म्हणाला. "आमच्या डोक्यावर फुटला साहेब, त्यात वादच नाही. तुम्हीही एक काढून घ्या. फक्त तो गाल इकडे करू नका."

डोंगराच्या बाजूला, वस्ती संपते तिथे, कोंबड्या पाळणाऱ्या एक मावशी भेटल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या खुराड्यावरच की हो पडला. कोंबड्या चार दिवस उलटं तोंड करून बसल्या होत्या."

"एक आवाज की दोन?" काकांनी थकून विचारलं.

"दोन. धड-धड्."

काका निघाले आणि वाटेत त्यांना ते टोचायला लागलं. न्हावीही दोन म्हणाला होता. स्टुडिओवालाही दोन. पहिला आमचा आणि दुसरा समोरच्यांचा असेल, तर मावशींच्या खुराड्यावर दोन आले कुठून? इतके आवाज त्या एका विमानाने आणले कुठून? स्कूटर थांबवून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

तिथे पाण्याची पाइपलाइन फुटली होती आणि रस्ता लांबपर्यंत पाण्याखाली होता. कडेने माणसं चालत होती. मागून एक ट्रक आला, भरधाव. त्याच्या चाकांतून दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उठले. सगळ्यात आधी सायकलवाला भिजला. मग भाजीची पिशवी घेतलेले आजोबा. मग दोन बाया. मग, ट्रक पुढे निघून गेल्यावर बरोबर एका श्वासाने, काका डोक्यापासून पायापर्यंत. आजोबा ओरडत होते, "माझ्यावरच उडवलं." सायकलवाला म्हणत होता, "अहो माझ्यावर उडवलं." काकांनी ट्रककडे पाहिलं. ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकवून, एक थेंबही अंगावर नसलेला, शीळ घालत चालला होता. मागे काय घडतंय याचा त्याला पत्ताही नव्हता.

आणि काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. तो फक्त पाण्याचा नव्हता.

ट्रकने पाणी एका जागी उडवलं नव्हतं. तो जिथून जिथून जात होता तिथे तिथे उडवत होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं ते फक्त आपल्यावर. विमानाचंही तेच. भिंत गच्चीवर फुटली नव्हती, खुराड्यावरही नाही. विमान तो आवाज पदरासारखा मागे ओढत सगळ्या गावावरून गेलं होतं, आणि त्या पदराची कड ज्याच्यावरून गेली त्याला त्याचा आवाज मिळाला होता. न्हाव्याला त्याचा, मावशींना त्यांचा. कोणीच खोटं बोलत नव्हतं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी भिजलेल्या आजोबांचे दोन्ही हात धरले.

"आजोबा, तुम्ही बरोबर आहात. तुम्ही सगळेच बरोबर आहात."

"मग ट्रकचा नंबर घेतला का?" आजोबा म्हणाले.

पाणी निथळत, एका गालाची दाढी वाढलेली, असे काका घरी पोचले. सगळा जिना त्यांनी पळत चढला. दारातच, "अगं ऐक—" असं म्हणून ते थांबले. खोलीत मेहुणा आला होता आणि भिंतीला टेकून फलक ठेवला होता. वर 'सावधान'. मध्ये वांगं, देठ काढलेलं. आणि खाली पिवळ्या रंगात, काळ्या कडेत, वडिलांच्या नावासकट, त्यांचं नाव. रंग अजून ओला होता. नाव चमकत होतं.

काका त्याकडे बघत राहिले. हनुवटीला कोणी नाव विचारत नाही. उद्यापासून पोस्टमन, दूधवाला, पाहुणे, सगळे हे नाव वाचणार होते. आणि ते ज्या वाक्याखाली होतं ते वाक्य चुकीचं होतं, हे या क्षणी फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

फक्त त्यांनाच नव्हे. लेक टॉवेल घेऊन आली. काकांनी डोकं पुसता पुसता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगत होतीस?"

"तेच. तो आवाज विमानाबरोबर चालत राहतो. एकदाच होत नाही."

"आणि दोनदा का?"

"एक विमानाच्या नाकाचा, एक शेपटीचा. जवळजवळ येतात म्हणून धड-धड्."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मोठी माणसं बोलत होती ना," लेक म्हणाली. काकांनी टॉवेल डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला आणि आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ तोंड पुसलं.

संध्याकाळी कंपाउंड भरलं. फलकावर जुनी चादर, चादरीची दोरी मेहुण्याच्या हातात. समोरच्या इमारतीचे लोकही आले होते, सेक्रेटरीबाई निषेध म्हणून किटलीचं नाक घेऊन. चेअरमननी बोट उंचावून शांतता मागितली आणि काकांना बोलायला उभं केलं. काका अर्ध्या दाढीनिशी उभे राहिले. ती पूर्ण करायची राहूनच गेली होती.

"मंडळी," काका म्हणाले. "भिंत इथे फुटली नाही."

सेक्रेटरीबाई उठून उभ्या राहिल्या. "मी म्हणतच होते. आमच्यावर."

"तुमच्यावरही नाही. तो आवाज कुठे फुटलाच नाही. तो इथून गेला. नदीकडून आला, सगळ्यांवरून गेला, डोंगराकडच्या मावशींच्या कोंबड्यांवरूनही गेला. पहिला आमचा, दुसरा तुमचा असं काही नाही. दोन्ही दोघांचे. मी चुकीचं सांगितलं."

चेअरमननी आपलं बोट खिशात घातलं. काकांना वाटलं आता बसावं, पण पोटात अजून एक गोष्ट होती आणि ती बाहेर आल्याशिवाय बसता येईना.

"आणि," काका म्हणाले, "मी तो ऐकलेलाच नाही. मी आगारात होतो. माझे कान वाजत नव्हते."

"अहो काका," चेअरमन दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "मग आम्ही एवढं सगळं कशाच्या जिवावर—"

धड-धड्.

खिडक्यांची तावदानं थरथरली, झाडावरचे कावळे एकदम उठले, मेहुण्याच्या हातून दोरी सुटली आणि चादर आपोआप खाली आली. सगळे खाली वाकले, कोणी कानांवर हात ठेवले, चेअरमननी दोन्ही हात काखेत घातले. एकटे काका तोंड वर करून उभे होते. तो आवाज त्यांच्या छातीत शिरला, पाठीतून बाहेर पडला आणि पुढे निघून गेला. त्यांना तो जाताना कळला. आकाशात, आवाजाच्या खूप पुढे, एक चांदीचा ठिपका डोंगराकडे चालला होता.

"ऐकला," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी ऐकला हो."

तेवढ्यात सेक्रेटरीबाईंचा फोन वाजला. डोंगराकडे राहणारी बहीण. फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू आला, "अगं ताई, आत्ता आमच्याच छपरावर फुटला बघ." बाईंनी फोनकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि किटलीचं नाक पर्समध्ये ठेवून दिलं. आधी त्याच हसल्या. मग सगळं कंपाउंड हसलं.

मेहुणा फलकाजवळ चिंधी घेऊन उभा होता. "भावजी, नावाचं काय करू?"

"पूस," काका म्हणाले. रंग अजून ओला होता, त्यामुळे ते पुसायला वेळ लागला नाही. काकांनी ते शेवटच्या अक्षरापर्यंत पाहिलं, आणि वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

लोक भोवती जमले. आता भिंत फुटत नाही, तर मग नक्की होतं काय, वांग्यासारखं दिसतं का, दोनदा का वाजतं, प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. "काका, खुलासा करा," सगळे म्हणाले. काकांनी सवयीने घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या लेकीला त्यांनी हाताने पुढे बोलावलं.

"हिला विचारा. ही पहिल्या दिवसापासून सांगत होती."

लेक आधी लाजली, मग बोलायला लागली, आणि छान बोलली. काका एका खुर्चीवर बसून ऐकत राहिले. नाक आणि शेपूट झाली, पदर झाला. शेवटी चेअरमननी विचारलं, "मग त्या विमान चालवणाऱ्याची काय अवस्था होत असेल? त्याच्या तर कानापाशीच."

"त्याला काहीच ऐकू येत नाही," लेक म्हणाली. "तो स्वतःच्या आवाजाच्या पुढे गेलेला असतो ना. खाली सगळ्यांची दाणादाण, आणि त्याला पत्ताच नसतो."

"त्यात नवल काय," मागून काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून असं एक विमान मी रोज घरात बघतेय."

आणि हे मात्र काकांना पहिल्याच फटक्यात स्वच्छ ऐकू आलं.